आतला व्यास अठरा

दुपारी दोनला दाल मिलचं पॅनल ट्रिप होतं,
रोज, ठरल्यासारखं.
शब्बीर वायरमननं पितळेचा गज माझ्या लेथवर ठेवला.
त्याच्यामागे प्रणोती टेंभुर्णे, आयटीआय, टर्नर, दुसरं वर्ष,
हातात वहीचं एक पान :
एक नळी. पंखा नाही, गॅस नाही, आत हलणारं काहीच नाही.
दाबाची हवा सोडायची.
एका तोंडातून गार येते, दुसऱ्यातून गरम.

मी हसलो. अल्लीपुरात मे महिन्यात
दोन्ही तोंडांतून गरमच येते, पोरी.

पहिली नळी माझ्या मनानं केली.
आतला व्यास अठरा, लांबी एकशे ऐंशी,
हवेचं भोक नेमकं मध्यावर रोखलेलं.
चाळीस वर्षं हात सेंटरच शोधतो,
त्याला दुसरं येत नाही.
कॉम्प्रेसर धापला. नळीनं नुसती शीळ घातली.

‘मधात नको, भाऊ. काठाले लागून पाडा.
सिद्धा गेला तं वारा आपटते निस्ता.
भित घासत, गरगर गेला पाहिजे.’

काठाला ड्रिल लागत नाही.
गोलावरून घसरतं, सुळकन.
दोन बिट मोडले. मग कानशीनं सपाटी केली,
आणि तिसरा तिरपा उतरला,
चोर कुंपणातून उतरावा तसा.

आता गार तोंडाची चकती.
पाच मिलीमीटरचं भोक : गारवा आला, पण दोऱ्याएवढा.
तेराचं : सगळं कालवलं, कोमट ताकासारखं.
नऊचं. निम्मा व्यास.
‘आता पाहा,’ ती म्हणाली, आणि मी मनगट पुढे केलं.

पितळ वाचवायला एक नळी साठाचीच कापली होती.
तिच्यात गरम नि गार
वेगळे व्हायच्या आतच बाहेर पडले.
भांडायलाही लांबी लागते.

दूध संकलन केंद्रातून कवडूचा थर्मामीटर आणला.
सावलीत चव्वेचाळीस.
गरम तोंडाशी शंकूचा व्हॉल्व्ह
प्रणोती पाव पाव आटा फिरवत होती.
चौतीस. सत्तावीस. एकोणीस.
अजून गार हवंय? मिळेल, पण थोडंच मिळेल.
भरपूर हवंय? मग इतकं गार नाही मिळणार.
शब्बीरनं विचारलं, ‘दोन्ही नाही जमत?’
तिनं मान हलवली. मी गरम तोंडाला बोट लावून बसलो होतो,
ते बर्नॉलनं पिवळं झालं.

पॅनल आता दोनला चालू असतं.
कॉम्प्रेसरचं वीजबिल पाहून शेटजी कुरकुरतात,
आणि ते चुकीचं बोलत नाहीत.

मध्यावर भोक पाडलेली ती पहिली नळी
मी भंगारात टाकली नाही.
दारावरच्या खिळ्याला टांगलीय.
पश्चिमेची झळ सुटली की वाजते.
काल प्रणोती म्हणाली, ‘भाऊ, हे काढा नं आता.’
म्हटलं, राहू दे.
सेंटर एकदम बरोबर आहे तिचं.