खिसा

मॉलमधलं बंद पडलेलं बुटांचं दुकान
मार्चचे तीन शनिवार आम्हाला फुकट मिळतं.
भिंतीवर अजून मापांच्या पाट्या : सात, साडेसात, आठ.
त्यांच्याखाली आता प्रॉमचे झगे लटकतात,
चारशे बारा. वांडाने मोजलेत.
वांडा पोस्टात होती, तिची मोजणी चुकत नाही.

माझं टेबल मागे. मी चेन दुरुस्त करतो.
एकतीस वर्षं एरीच्या इंजिन कारखान्यात
इंचाच्या हजाराव्या भागावरून भांडलो,
आता अडकलेल्या चेनवर मेणबत्ती घासतो
आणि ती सर्रकन वर गेली
की पगार झाल्यासारखं वाटतं.

मुली मला दिसत नाहीत.
पडद्याखालून पावलं दिसतात.
दोन पायांत दोन रंगांचे मोजे,
रस्त्यावरच्या मिठाने पांढरे पडलेले बूट,
एकीचे हॉटेलातले काळे, न घसरणारे जोडे,
तासाभरात तिची शिफ्ट असणार.
टाचा उचलल्या, म्हणजे आवडला.
टाचा टेकल्या, म्हणजे
आरसा काहीतरी बोलला.

आया बाकावर बसतात,
जिथे पूर्वी लोक बूट घालून बघायचे.
पर्स मांडीवर घट्ट, जणू आत्ता कुणी बिल घेऊन येईल.
परत कधी आणायचा, एकजण तरी विचारतेच.
आणायचा नाही, वांडा म्हणते. नेला की तुमचा.
बाई मान डोलावते आणि पाच मिनिटांनी
तेच पुन्हा विचारते.

एक मोहरी रंगाचा आहे.
डोरीनने, माझ्या बायकोने,
बहिणीच्या लग्नात नाइलाजाने घातलेला.
बाह्या अशा, की आत दोन कोंबड्या मावतील.
गेली त्याच्या आदल्या वर्षी तिनेच तो इथे टांगला,
म्हणाली, बघ, शेवटी हाच उरेल.
उरतो.

आज एक पडदा सरळ बाजूला झाला
आणि निळ्या झग्यातली मुलगी माझ्यासमोर.
फुराहा, असं दंडावरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं.
'याला खिसा नाही.'
झग्यांना नसतोच, मी म्हणालो.
तिने तळहात उघडला : इन्सुलिनचा पंप,
पत्त्यांच्या कॅटाएवढा, एक बारीक नळी झग्याच्या आत गेलेली.
'बहिणीच्या लग्नात मोज्यात खोचला होता.
नाचताना निसटला. लोंबकळत राहिला नळीला.
सगळे बघत होते.'

मी व्हर्निअर काढला.
हसू नका, अजून खिशात असतो.
लांबी, रुंदी, जाडी,
नळीला भोक कुठे, बोट किती आत जायला हवं.
खिसा डाव्या बाजूला, शिवणीच्या आत,
बाहेरून दिसायला नको.
कापड मात्र हवं होतं मजबूत, वजन पेलणारं.
मी मागे वळलो.
मोहरीचं अस्तर चांगलं होतं. नेहमीच चांगलं होतं.
कात्री लावताना हात जरा थांबला,
मग नाही थांबला.

वांडाने वहीवरून चष्म्यातून पाहिलं.
'हा आता मोजायचा का?'
मोज, मी म्हणालो.

शिवून झाल्यावर फुराहाने आधी पंप ठेवला, मग हात,
आणि हात तिथेच राहू दिला,
बसची वाट बघत उभं राहावं तशी.
तेव्हा तिची आई उठली,
दिवसभरात पहिल्यांदा.
आली, खिशात दोन बोटं घातली
आणि खसकन ओढलं. पुन्हा एकदा ओढलं.
मग स्वाहिलीत लेकीला काहीतरी म्हणाली.
काय म्हणते?
'म्हणते, टाके जवळजवळ आहेत.'
कारखान्यातून निवृत्त होताना घड्याळ दिलं होतं.
ते कुठे आहे, आठवत नाही.

पुढच्या शनिवारी सरोवरावरून पुन्हा बर्फ आलं,
मुली कमी आल्या.
दुपारी कधीतरी मोहरी पडद्याआड गेला,
आत चौकोनी भोक घेऊन.
मी एका हट्टी चेनवर मेण घासत होतो.
पावलांकडे बघायचं राहून गेलं.