हीच-घे

मालेगाव स्टँडजवळचं डीटीपीचं दुकान.
सदूभाऊ रजेवर,
त्यांच्या कॉम्प्युटरपुढे मी.

फायनल. फायनल-२. फायनल-नवी.
फायनल-३-खरी.
हीच-घे.
हीच-घे उघडली, तर आत
कुणाच्या तरी बाळाचं बारसं.

काउंटरवर मोहाडीचे गांगुर्डे,
आधार कार्डावरचा आईचा फोटो धरून.
दशक्रियेचं पत्रक हवंय.
"पारूबाई नाही हो, पार्वताबाई. काल सांगितलं होतं."

काल सांगितलेलं
कुठल्या फायनलीत गेलं?
तिन्हींत पारूबाई.
चौथीत नाव बरोबर,
पण रामकुंडावरची वेळ संध्याकाळची.

गांगुर्डे वाकून स्क्रीन बघत राहिले.
"तसं गावात
पारूच म्हणायचे सगळे."

मी वेळ तेवढी बदलली.
सेव्ह करताना
मशीन नाव विचारतं.
मी त्यांच्याकडे बघितलं.