अडतीस सेंटिमीटर

उदगीरला मी नळ सोडतो.
खांद्यावर लोखंडी चावी, माझ्याएवढी उंच.
ती किती अडते त्यावरून मनगट सांगतं
आत दाब किती.

महानंदाचे आधी पाय बधिरले.
चप्पल निसटून मागं राहायची
अन् ही तशीच पुढं, पार चौबाऱ्यापर्यंत.
लातूरला नसांना करंट लावून बघितला.
आजाराचं नाव कागदाच्या एका ओळीत मावेना.
लाखात दोघा-तिघांना होतो म्हणाले.
ही म्हणाली, आजवर मला लाखात मोजलं नव्हतं कुणी.

मग डोकं.
पहाटे उठली की ठणकायचं, खोकलली की फुटायचं.
कानात नाडीसंगं सूं सूं,
"तुमच्या पाइपात हवा भरल्यावानी."
भाकरीला वाकली की काठवटीतलं पीठ
क्षणभर काळं, मग परत पांढरं.
आम्ही चष्म्याचा नंबर बदलला. दोनदा.
ते दोन महिने माझ्या अंगावर आहेत.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईनं आत बत्ती मारली अन् गप्प झाली.
मागची नस सुजलीय. डोक्यातलं पाणी तुंबलंय.
पाणी? मी हसलोच.
गावाला अकराव्या दिवशी हंडाभर,
अन् हिच्या कवटीत निचरा नाही.

धरायला माणूस कमी म्हणून मला आत ठेवलं.
कुशीवर निजवली, गुडघे पोटाशी,
मणक्यात सुई, सुईला उभी नळी.
पाणी चढत गेलं, नितळ,
आमच्या फिल्टरला जन्मात न जमलेलं.
वीस. सत्तावीस. चौतीस.
हा दाब पाण्याच्याच सेंटिमीटरात मोजतात,
शिकाऊ डॉक्टर सांगत होता. मला.
अडतीसला थांबलं.
त्यात प्रथिनं जादा आहेत,
वाटेत अडकत असतील बहुतेक, म्हणाला,
नक्की कुणालाच ठाऊक नाही.
थेंब थेंब सोडलं त्यांनी
तेव्हा माझं मनगट आपोआप वळत होतं.

आता गोळ्या आहेत, बोटांना मुंग्या आहेत.
डाव्या डोळ्याची खालची बाजू परत आली नाही,
पायरी मी सांगतो.

रात्री दोनला हलवून उठवते,
नळ आले का हो? सूं सूं ऐकू येतंय.
आमच्या गल्लीची पाळी सोमवारी.
मीच सोडणार असतो.
तरी उठतो,
अंधारात तोटीला हात लावतो.