तिसरी खाच

साखर पेठेत, बंद रंगखान्याच्या माडीवर
नरसय्या गुंडलानं ट्रॅक टाकला होता.
चार खाचा, एक पूल, आणि खिडकीपाशी
असं वळण, की शहाण्याचीही गाडी उडायची.
पाटी त्यानंच रंगवलेली:
मोटार रेस. पाच मिनिटं चार आणे.
गाडी फुटल्यास बारा आणे वेगळे.

दिवसा तो गिरणीत जॉबर.
फळ्या मोडक्या मागांच्या आणल्या,
ट्रान्सफॉर्मर कुठून आणला ते सांगत नसे.
गाड्या मात्र परदेशी, सहाच,
मुंबईतला कुणाचासा हॉल मोडला तेव्हा घेतलेल्या.
पॅसेंजरनं रात्रभर मांडीवर, टॉवेलात गुंडाळून.
"धोटा पळतो तसंच हे," म्हणायचा,
"फक्त कापड निघत नाही."

मी बसचे पैसे वाचवून, उन्हात चालत शाळेला.
शनिवारी मुठीत घामेजलेली चवली.
माडीच्या जिन्यातच वास यायचा
शिलाई मशीनच्या तेलाचा, तापल्या तांब्याचा.
तो शर्टाला चिकटून घरी यायचा
आणि आई विचारायची, कुठं होतास.

गाडी उडाली की नरसय्याचा मुलगा अंबादास
पुलाखालून रांगत जाऊन तिला खाचेत बसवायचा.
त्याच्या गुडघ्यांना कायम घट्टे.
त्याला स्वतःला कधी खेळताना पाहिलं नाही.

नागमणी कोंड्याल कडेवर विड्यांचं सूप घेऊनच यायची.
हजारातल्या दोनशे बाकी असायच्या,
सूप खिडकीत ठेवायची, ओढणी कंबरेला खोचायची,
आणि तिसरी खाच मागायची. नेहमी तिसरीच.
पोरं हसली, पहिल्या दिवशी.
पण पान फाटू न देता तंबाखू आवळणारा तो अंगठा
बटणावर किती दाबायचं ते आधीच शिकून आला होता.
तिची गाडी वळणावर श्वास घ्यायची.
आमच्या किंचाळायच्या.

सहाला आसपासचे माग सुरू झाले की
दिवे पिवळे पडायचे, गाड्या दमायच्या.
आम्ही बटण पिळायचो, शिव्या घालायचो.
ती नाही. ती मागांच्याच घरातली,
वीज कुठं जाते ते तिला माहीत होतं.

मग ती रेस. पन्नास फेऱ्या,
बक्षीस एक थर्मास.
एकेचाळिसाव्या फेरीला मी पुढे होतो, अर्धा ट्रॅक पुढे,
आणि लाइट गेली.

अंधारात तीस-चाळीस पोरं, आणि कुणीच हललं नाही.
नरसय्यानं कंदील लावला नाही, उलट दम भरला:
"जागा सोडायची नाही. गाड्या आहेत तिथंच."
खाली कुणीतरी भाकरी थापत होतं,
तेवढाच आवाज.
किती वेळ गेला, घड्याळ दिसत नव्हतं.

मी बटण सोडलंच नाही.
बोट बधिर झालं तरी नाही.
वाटलं, वीज येईल त्या क्षणाला
मी आधीच निघालेलो असेन.

वीज आली.
गाडी थेट खिडकीतून, सूप उलटं करून,
तंबाखूत जाऊन पडली.
तिनं अंगठा केव्हाच उचलला होता.
नरसय्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला,
"मेल्लगा रे बाबू. मेल्लगा."
थर्मास तिनं नेला. सांडलेला तंबाखू
मी आणि अंबादास कितीतरी वेळ वेचत होतो.

पुढं गिरणी बंद झाली.
नरसय्या भिवंडीला गेला, नागमणीला
सिरसिल्ल्याला दिलं, असं ऐकलं.
माडीवर आता कुणाचं तरी गोदाम.

परवा लेकीच्या लग्नासाठी चादरी घ्यायला
तिथल्याच एका दुकानात गेलो.
मालक थानावर थान उलगडत होता,
लांबलचक जुन्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर.
मी हात ठेवला, आणि कापडाखाली
बोट आत गेलं, सरळ रेषेत.
एक. दोन. तिसरीवर थांबलो.
सरकत सरकत वळणापर्यंत आलो,
तिथं फळी कापलेली होती.

"काय बघताय?" मालक म्हणाला, "डबल दाखवू का सिंगल?"
"डबल," मी म्हणालो,
आणि अंगठा उचलला.