आडवं हाड

तिसोन पंज्यानं तोंड ओरबाडतो,
लाळ दोरीसारखी लोंबते,
आणि एलेउतेरियोचा पहिला प्रश्न:
मेंढ्या कुठंयत?

मग तो कुत्र्याला गुडघ्यांत धरतो,
थोबाड खिडकीच्या उजेडाकडे वळवतो.
तिएरा देल फुएगोचा वारा दार ठोठावतोय.
ठोठावू दे.
डॉक्टर पोर्वेनीरला, घोड्यावरून दीड दिवस.
रेडिओवर नुसती खरखर.

वरचा ओठ उचलतो.
"बेचाळीस," तो म्हणतो, "माझे तीन."
टाळूला आडवी, दोन दाढांत रुतलेली
कालच्या कोकराची बरगडी.

बोटानं ढकलायचं नाही, घशात जाईल.
चमच्याचा दांडा मागून घालायचा,
आणि पुढे, हळू,
गंजलेल्या कुलपाशी बोलावं तसं.

लोक आश्चर्यानं तोंडात बोटं घालतात;
याची बोटं दुसऱ्याच्याच तोंडात,
मनगटापर्यंत,
आणि ज्या जबड्यानं कोल्ह्याची मान मोडली
तो थरथरत, उघडा.

टक्.

हाड फरशीवर.
तिसोन हुंगतो, शेपूट हलवतो,
पुन्हा तेच उचलायला वाकतो.

एलेउतेरियो त्यावर बूट ठेवतो.
तसाच उभा राहतो कितीतरी वेळ,
ओला हात
कुठं पुसावा ते न सुचून.