कोठारातली मोजणी

फेब्रुवारी. झुरिचच्या उत्तरेला बाल्त्सचं जुनं कोठार.
दारात गोठलेला चिखल, आत चाळीस लाकडी पेट्या,
आणि मी, नाकावर मफलर, हातात छोटा वजनकाटा.
पेटी तेवीस: नऊ पिल्लं, शेंगदाण्यासारखी गुलाबी.
दोन आया एकाच घरट्यात.
कुणाचं कोणतं, त्यांनाही ठाऊक नसावं.
दूध सगळ्यांना.

बाल्त्स विचारतो, काय शोधतेस गं लादिना, इतकी वर्षं?
म्हटलं, यांच्यातल्या काहींच्या सतराव्या गुणसूत्रावर
एक लबाड तुकडा असतो.
बापाकडून जायला हवा निम्म्या पोरांत,
जातो शंभरातल्या नव्वदांत.
सोबतच्या शुक्राणूंचे पाय वाटेतच मोडतो
आणि शर्यत जिंकतो.
‘म्हणजे आमचा थोरला,’ बाल्त्स म्हणाला.
ओढ्याकाठचं कुरण थोरल्याकडे कसं गेलं,
हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

पण तोच तुकडा आईकडूनही आला
तर पिल्लू जन्मापर्यंत पोचतच नाही.
माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

संस्थेत जेवणाच्या टेबलावर वाद असतो:
निवड होते ती तुकड्याची, उंदीर नुसतं पाकीट.
मी दोन्ही बाजूंनी भांडले आहे,
बिअरच्या दुसऱ्या ग्लासानंतर तिन्ही बाजूंनी.

तुळईवरच्या गव्हाणी घुबडाला मात्र
गुणसूत्र ऐकू येत नाही.
त्याला ऐकू येतं गवतातलं खुसफुस,
चार पायांचं, घाईचं, एका विशिष्ट जिवाचं.
गिळतं ते अख्खा उंदीर:
लबाडी असली तर लबाडीसकट,
भरलेल्या आचळांसकट.

गुरुवारी तुळईखाली ओकलेला गोळा सापडला.
राखाडी केस, पिवळे दात, नखाएवढी कवटी,
आणि मीच टोचलेली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप.
यंत्र धरलं. यंत्रानं बीप केलं, आकडा दाखवला,
जणू ती अजून हजेरी देतेय.
पेटी तेवीसमधली, दोघींतली धाकटी.
तिच्यात तो तुकडा नव्हता.
तिच्या चार पिल्लांत आहे, बापाकडचा.

पेटी उघडली. एक आई, नऊ पिल्लं.
ती आडवी पडलेली, डोळे अर्धे मिटलेले,
नऊही तोंडं लागलेली.
‘यातली तिची किती?’ बाल्त्सनं टोपी मागे सारत विचारलं.
मी उत्तर जाणत होते.
काट्याचं शून्य जुळेना, बोटं बधिर झालेली,
म्हटलं, थांब, आधी यांना
पिऊ दे.