मिरच्यांवर लक्ष ठेव

मयड्याची केळी संपतात
आणि माझ्या मिरच्या सुरू होतात, तिथे
दर शुक्रवारी झेफेरीन उभा राहतो.
दोरीने बांधलेलं काळं पुस्तक, पायांत दोन वेगळ्या चपला.
'जेजू तुझी वाट पाहतोय!' ओरडतो.
मी म्हणते, माझी वाट हरमलची साडेपाचची बस पाहते.

तीस वर्षं बोटीवर आचारी होता.
त्या पगाराचं घर साळगावला, भावाच्या नावावर.
याने इगर्जी सोडली, भावाने दार लावलं.
आईच्या मातीला हा फाटकाबाहेर उभा.
हातातली मेणबत्ती कुणी आत नेली नाही.
पुढे वीज गेली त्या रात्री ती जाळली, म्हणाला,
चहा फुंकत.

बाजारात हे सांगत नाही.
बाजारात सांगतो दुसऱ्यांचं:
सत्तरीच्या रानात तापाने गेलेले पाद्री,
अंगावरचे कपडे एवढीच त्यांची इस्टेट.
पोरं नक्कल करतात.
एकदा कुणी टोमॅटो मारला.
याने उचलला, बरी बाजू कापली,
माझ्याकडून मीठ मागून खाल्ला.

मला त्याचा देव नको.
सातेरीशी माझा हिशेब चालू आहे, तो पुरे.

पण गेल्या शुक्रवारी म्हटलं,
जरा मिरच्यांवर लक्ष ठेव, आलेच.
परतले तर तोच आवाज, मान तशीच वर:
'हरमलची! खरी! तोंडात घालून तर बघ!'
अडीच किलो गेल्या.
पैसे मोजून दिले, एक रुपया जास्तच.
'लोक थांबले गो,' म्हणाला,
आणि पुस्तक उचलून
पुन्हा आपल्या जागी गेला.